ब्रह्मदेशाला न जाण्याचा निर्णय : एका प्रवासबहिष्काराचा इतिहास

परदेशी मालावरील बहिष्कार आणि परदेशगमनावरील बहिष्कार यांत एक मूलभूत भेद आहे. कापड किंवा साखर तयार होते एका ठिकाणी आणि विकली जाते दुसऱ्या ठिकाणी, त्यामुळे ती नाकारणाऱ्याला आपल्याच गावच्या बाजारपेठेत, चारचौघांच्या साक्षीने आपला नकार नोंदवता येतो, आणि प्रसंगी त्या मालाची होळीही करता येते. पर्यटन हा मात्र असा माल आहे की, तो विकत घेण्यासाठी गिऱ्हाइकालाच तो जिथे तयार होतो तिथे जावे लागते. शिवाय तिथे गेल्यावर तो केवळ पैसे खर्च करत नाही, तर देशात सारे आलबेल असल्याचे जे चित्र राज्यकर्त्यांना जगापुढे मांडायचे असते, त्या चित्राचाही तो एक घटक बनतो. उलट बाजूने पाहिले तर जो गेला नाही त्याचे न जाणे कोणालाच दिसत नाही, आणि तो तत्त्वापायी गेला नाही की रजेअभावी, हे बाहेरून ओळखता येत नाही. प्रवासबहिष्कार हे निषेधाचे साधन म्हणून अवघड ठरते ते या अदृश्यतेमुळे, आणि म्हणूनच अशा बहिष्काराला कोणाच्या तरी अधिकृत हाकेची गरज इतर बहिष्कारांपेक्षा अधिक असते.

या साधनाचा सर्वांत परिचित वापर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीविरुद्ध झाला. भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला आणि पुढे दीर्घकाळ भारतीय पारपत्र दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासासाठी वैध नसे. १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सदस्य-राष्ट्रांना त्या देशाच्या जहाजांसाठी बंदरे आणि विमानांसाठी विमानतळ बंद करण्याचे आवाहन केले. आणि १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या भारतीय टेनिस संघाने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन चषकावर पाणी सोडले. परंतु ही सारी प्राधान्याने सरकारांनी आणि संघटनांनी घातलेली बंदी होती, तिच्यात एकट्या प्रवाशाच्या विवेकाला फारसा वाव नव्हता. ब्रह्मदेशाची, म्हणजे १९८९ नंतर अधिकृतपणे म्यानमार म्हणवल्या जाणाऱ्या देशाची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे जाण्यास पाश्चात्त्य देशांतील सामान्य प्रवाशाला कायद्याने मज्जाव केलेला नव्हता, व्हिसा मिळत होता, विमाने जात होती; आणि तरीही १९९५ ते २०१० या सुमारे पंधरा वर्षांत ‘जावे की न जावे’ हा प्रश्न त्या देशाविषयीच्या प्रत्येक प्रवासी मार्गदर्शिकेला आपल्या प्रारंभीच्या पानांत घ्यावा लागला.

या प्रश्नाची पार्श्वभूमी अशी की, मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावल्यानंतर ब्रह्मदेशाने स्वतःच जगाला दार लावून घेतले होते. परदेशी पाहुण्याला आरंभी केवळ चोवीस तासांचा व्हिसा मिळे, पुढे तो सात दिवसांचा झाला, आणि या सात दिवसांत रंगून, मंडाले, पगान आणि इन्ले सरोवर अशी धावती फेरी उरकणे हा प्रवाशांचा ठरलेला शिरस्ता होऊन बसला. ऑगस्ट १९८८ मधील लोकउठाव रक्तपाताने चिरडून १८ सप्टेंबर रोजी लष्कराची नवी समिती सत्तेवर आली तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि पाश्चात्त्य मदत थांबली होती. मे १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या ‘नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी’ या पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही, आणि सू ची तर निवडणुकीच्या आधीपासूनच, जुलै १९८९ पासून, घरातच स्थानबद्ध होत्या. परकीय चलनाची निकड आणि मान्यतेची भूक अशा दोन्ही गरजा एकदम भागवणारा उद्योग म्हणून लष्करी राजवटीने पर्यटनाकडे पाहिले. पर्यटनासाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र मंत्रालय आले, सिंगापूर, थायलंड, हाँगकाँग येथील भांडवलातून रंगूनला मोठमोठी हॉटेले उभी राहू लागली, आणि १९९६ हे ‘म्यानमार-भेट वर्ष’ म्हणून घोषित झाले. पाच लाख परदेशी प्रवाशांचे उद्दिष्ट ठेवलेल्या या वर्षाची तयारीच वेळेत पूर्ण झाली नाही, त्याचे उद्घाटन लांबणीवर पडून नोव्हेंबर १९९६ मध्ये झाले, आणि ते उद्दिष्ट तर फारच दूर राहिले.

ही तयारी कशी चालली होती, हेच बहिष्काराचे मूळ कारण ठरले. पगान हे इरावती नदीकाठचे प्राचीन राजधानीचे गाव. तिथल्या विटांच्या हजारो मंदिरांच्या आणि स्तूपांच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे पाच हजार लोकांना १९९० मध्ये अल्पावधीच्या नोटिशीवर तिथून उठवून काही किलोमीटरवरच्या उघड्या माळावर नवे गाव वसवायला लावण्यात आले. दक्षिणेत ये ते तव्हॉय या लोहमार्गासाठी हजारो गावकऱ्यांना बिनमोल राबवले गेल्याची वृत्ते येऊ लागली; आणि मंडालेला राजवाड्याभोवतीचा खंदक उपसण्याचे काम निघाले.

या खंदकाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण मराठी वाचकाचा त्या जागेशी ऋणानुबंध आहे. राजा मिंडोन याने १८५७ मध्ये वसवायला घेतलेल्या या चौरस राजनगरीची प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब असून तिच्या तटाबाहेर रुंद पाण्याचा खंदक आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी येथूनच मिंडोनचा मुलगा थिबा याला पदच्युत करून हद्दपार केले, आणि त्याने पुढची तीस वर्षे रत्नागिरीत काढून १९१६ मध्ये तिथेच देह ठेवला. रिकाम्या झालेल्या राजनगरीचे इंग्रजांनी लष्करी किल्ल्यात रूपांतर केले, आणि याच किल्ल्यातील तुरुंगात १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळकांनी कारावास भोगला व ‘गीतारहस्य’ लिहिले. स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने बहिष्कार हे राजकीय शस्त्र म्हणून ज्यांनी महाराष्ट्रात रुजवले, त्यांना ज्या भिंतीआड ठेवले गेले, त्याच भिंतीलगतचे पाणी आठ दशकांनंतर दुसऱ्याच एका बहिष्काराचे निमित्त व्हावे, हा इतिहासाचा योगायोग आहे. त्याला योगायोगापलीकडचा अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. मूळचा लाकडी राजवाडा मार्च १९४५ च्या लढाईत जळून गेला होता. १९८९ नंतर लष्करी राजवटीने तो नव्याने बांधायला घेतला, आणि १९९४-९५ मध्ये गाळाने भरलेला खंदक उपसून पर्यटकांसाठी देखणा करण्याचे ठरले.

या कामावर बेड्या घातलेले कैदी होते तसेच शहरातील सामान्य नागरिकही होते. पाळीपाळीने प्रत्येक घरातून एका माणसाने ठरावीक दिवस गाळ उपसायला यायचे, ज्याला ते जमणार नाही त्याने पैसे भरायचे किंवा बदली माणूस द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. मराठीत जिला वेठ म्हणतात ती हीच. सरकारचे म्हणणे असे की, बौद्ध समाजात पुण्यप्राप्तीसाठी स्वेच्छेने श्रम देण्याची, ब्रह्मी भाषेत ‘लो-आ-पे’ म्हणतात ती, जुनी परंपरा आहे आणि लोक तिला अनुसरूनच काम करीत आहेत. परंतु विहाराच्या अंगणात वाळू टाकणारा भाविक आणि हजेरीपटावर नाव असल्यामुळे खंदकात उतरलेला दुकानदार यांतला फरक कोणत्याही गावकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. खुद्द राजवटीनेही जून १९९५ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पांवर बिनमोल श्रम घेऊ नयेत असा गोपनीय आदेश काढला, ही एका परीने कबुलीच होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये सक्तीचे श्रम देशभर आणि पद्धतशीरपणे घेतले जात असल्याचा निष्कर्ष काढला. याच चौकशीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली, ती अशी की सक्तीने माणसे कामाला लावण्याचा कायदेशीर आधार इंग्रजांच्या १९०७ च्या ग्राम आणि नगर कायद्यांत होता. साम्राज्याने प्रजेला वेठीला धरण्यासाठी केलेले कायदे स्वतंत्र देशाच्या लष्कराने जसेच्या तसे सांभाळले होते.

जुलै १९९५ मध्ये सहा वर्षांच्या स्थानबद्धतेतून सुटल्यावर सू ची यांनी परदेशी पत्रकारांना वेळोवेळी जे सांगितले, त्यातून या बहिष्काराची भूमिका आकाराला आली. तिचे तीन पदर होते. पर्यटकांचा पैसा सामान्य माणसापेक्षा लष्कराच्या आणि त्याच्या मर्जीतील व्यापाऱ्यांच्या हातात अधिक जातो; गर्दीने आलेले पाहुणे राजवटीला प्रतिष्ठा मिळवून देतात; आणि देश कुठे पळून जात नाही, तेव्हा लोकांचे राज्य आल्यावर अवश्य यावे. शेवटचा पदर सर्वांत महत्त्वाचा होता, कारण त्यामुळे हा कायमचा वाळीत टाकण्याचा प्रकार न राहता मुदत असलेला निषेध झाला. ज्या पक्षाला मतदारांनी चार-पंचमांश जागा दिल्या होत्या, त्याच्याच नेत्याने तो उच्चारलेला असल्यामुळे बाहेरच्या कोणी स्वतःच्या नैतिक समाधानासाठी दुसऱ्याच्या देशावर लादलेला निर्णय असेही त्याला म्हणता येत नव्हते.

पैशाविषयीचा मुद्दा पोकळ नव्हता. १९९३ मध्ये राजवटीने परकीय चलन प्रमाणपत्रे काढली. डॉलरच्या बदल्यात मिळणारी ही कागदी पत्रे म्हणजे परदेशी माणसासाठीचे वेगळे चलनच होते, आणि स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर उतरताच तीनशे, पुढे दोनशे डॉलर देऊन ती घ्यावीच लागत. एका डॉलरला सुमारे सहा क्यात हा सरकारी दर आणि खुल्या बाजारात त्याच्या कित्येक पटींनी मिळणारे क्यात यांतील तफावत पाहता, ज्याच्या हाती अधिकृत चलनव्यवहार असे त्याचा लाभ उघड होता. सक्तीच्या या विनिमयाची पद्धत २००३ मध्ये बंद झाली. त्याखेरीज १९९० मध्ये लष्कराने स्थापन केलेल्या ‘युनियन ऑफ म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज’ या उद्योगसमूहाचे हात अनेक व्यवसायांत पोहोचले होते आणि बड्या हॉटेलांच्या बहुतेक योजनांत सरकारची या ना त्या रूपाने भागीदारी असे.

चळवळीचे केंद्र लंडन झाले, यात आश्चर्य नव्हते. जुन्या साम्राज्याचे संबंध होते, सू ची यांचे पती मायकेल एरिस ऑक्सफर्डला होते, आणि इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांचा बाजारही तिथेच होता. पुढे ‘बर्मा कॅम्पेन यूके’ या नावाने ओळखली गेलेली संघटना आणि पर्यटनातील शोषणाविरुद्ध काम करणारी ‘टूरिझम कन्सर्न’ यांनी प्रवासी कंपन्यांवर दबाव आणला. १९७९ पासून ब्रह्मदेशाची मार्गदर्शिका छापणाऱ्या ‘लोन्ली प्लॅनेट’ प्रकाशनावरच २००० साली बहिष्काराची हाक दिली गेली, तर ‘रफ गाइड्स’ने त्या देशाचे पुस्तक काढायचेच नाही असे ठरवले. २००५ मध्ये ‘मी जाणार नाही’ या प्रतिज्ञेच्या मोहिमेला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जाहीर पाठिंबा दिला. मुळात तिथे जाण्याचा बेत नसलेल्या माणसांनी न जाण्याची शपथ घेण्यात थोडा सोपेपणा होता, हे मान्य करावे लागेल. पण आरंभी सांगितलेली अदृश्यतेची अडचण अशा जाहीर प्रतिज्ञांमुळेच काही अंशी दूर झाली, हेही तितकेच खरे.

बहिष्काराविरुद्धची बाजूही दुबळी नव्हती, आणि तिचा सर्वांत बोचरा आवाज खुद्द ब्रह्मी समाजातून उठला. चित्रकार आणि लेखिका मा थानेगी या एके काळी सू ची यांच्या सहायक होत्या व त्यापायी त्यांनी जवळजवळ तीन वर्षे तुरुंगवास भोगला होता; सुटल्यावर त्यांनी निर्बंध आणि पर्यटन-बहिष्कार यांविरुद्ध उघडपणे लिहिले, कारण त्यांच्या मते याची झळ सेनापतींना न लागता टांगेवाले, सायकलरिक्षा ओढणारे, लाखकामाची भांडी करणारे कारागीर आणि लहान खाणावळी चालवणारे यांनाच लागत होती. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचे नातू आणि इतिहासकार थांट म्यिन्ट-ऊ यांचा युक्तिवाद अधिक ऐतिहासिक होता : ज्या राजवटीने आपण होऊन तीस वर्षे एकांतवास पत्करला, तिला एकटे पाडणे ही शिक्षाच ठरत नाही, उलट एकटेपण हीच तिच्या जगण्याची सवयीची परिस्थिती आहे. यावर बहिष्कारवाद्यांचे उत्तर असे की, आपल्यावर काय अन्याय होतो आहे हे ब्रह्मी जनतेला परदेशी पाहुण्याने येऊन शिकवण्याची गरज नाही. उत्तर बिनतोड होते, पण ते प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचे होते, कारण टांगेवाल्याचा प्रश्न शिकवणीचा नसून भाड्याचा होता.

आर्थिक शस्त्र म्हणून या बहिष्काराचा हिशेब मांडला तर तो फारसा भरत नाही. म्यानमार-भेट वर्ष फसले हे खरे, परंतु त्यात बहिष्काराचा वाटा किती, कोंदट नोकरशाहीचा किती आणि १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. शेजारच्या थायलंड, चीन, सिंगापूर, जपान या देशांतील प्रवाशांवर लंडनमधील आवाहनाचा परिणाम होण्याचे कारणच नव्हते. शिवाय याडाना क्षेत्रातील नैसर्गिक वायू नळाने थायलंडला जाऊ लागल्यावर राजवटीला जे उत्पन्न मिळू लागले, त्यापुढे पर्यटनाची कमाई किरकोळ होती. सागवान आणि रत्ने यांचा व्यापार वेगळाच. म्हणजे राजवटीची तिजोरी जिथे भरत होती तिथे सामान्य माणसाचा बहिष्कार पोहोचू शकत नव्हता, आणि जिथे तो पोहोचत होता तिथे तिजोरीचे तोंड अरुंद होते. त्याने साधले ते निराळेच : हॉटेल कोणाच्या मालकीचे, रस्ता कोणाच्या श्रमाने झाला, तिकिटाचा पैसा कोणाकडे जातो, हे प्रश्न प्रवासाच्या योजनेत विचारणे त्याने पाश्चात्त्य मध्यमवर्गाच्या एका भागाला भाग पाडले. मार्गदर्शिकांनी सरकारी मालकीची हॉटेले गाळायला सुरुवात केली, आणि गेलेल्या प्रवाशांनीही खासगी अतिथिगृहे शोधून तिथे उतरण्याचा प्रघात पाडला.

भारतात मात्र चळवळ म्हणण्याजोगे काही उभे राहिले नाही. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानी ब्रह्मी निर्वासित कार्यकर्त्यांना आसरा दिला होता, पण तेच १९९८ नंतर संरक्षणमंत्री असताना भारत सरकार ईशान्येतील बंडखोरी आणि चीनचा वाढता वावर यांच्या विचाराने रंगूनच्या सेनापतींशी सलोखा वाढवीत होते, आणि २००१ मध्ये भारताने बांधून दिलेला तामू ते कलेम्यो हा रस्ता खुला झाला. महाराष्ट्रात मंडाले म्हणजे टिळकांचा तुरुंग आणि रत्नागिरीतील थिबा पॅलेस म्हणजे पदच्युत राजाचे घर, या दोन स्मृतींपलीकडे त्या देशाच्या वर्तमानाची दखल फारशी घेतली गेली नाही.

बहिष्कार ज्यांनी पुकारला त्यांनीच तो मागे घेतला, आणि तोही एकदम नव्हे. नोव्हेंबर २०१० मध्ये सू ची पुन्हा मुक्त झाल्या त्या सुमारास, एकोणीस वर्षे तुरुंगात काढलेले ज्येष्ठ पत्रकार व पक्षनेते ऊ विन टिन यांनी लोकांचे हाल समजून घेण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांचे स्वागत असल्याचे सांगितले, आणि मे २०११ मध्ये पक्षाने रीतसर निवेदन काढून स्वतंत्र प्रवाशांना या म्हटले, परंतु मोठ्या गटांच्या आखीव सहलींना आणि समुद्रपर्यटनाला आपला विरोध कायम ठेवला. हा भेद बारकाईचा होता आणि तो टिकला नाही. अधिकृत आकड्यांनुसार परदेशी पाहुण्यांची संख्या, सीमेवरून एका दिवसासाठी येणाऱ्यांना धरून, २०१० मध्ये सुमारे आठ लाख होती ती २०१२ मध्ये दहा लाखांवर आणि २०१५ मध्ये सेहेचाळीस लाखांच्या पुढे गेली. रंगूनला खोल्या मिळेनात आणि त्यांचे भाव काही पट झाले. पंधरा वर्षांच्या नैतिक वादाचा निकाल दोन हंगामांत लागल्यासारखा दिसला, पण लष्कराची आर्थिक साम्राज्ये जागच्या जागी होती, आणि वाढलेल्या गर्दीचा पैसा पुन्हा बऱ्याच अंशी त्यांच्याच जमिनींवर व त्यांच्याच भागीदारांच्या इमारतींत खर्च होत होता. वादाचा विषय संपला होता तो मालकी बदलल्यामुळे नव्हे, तर हाक देणाऱ्याने हाक मागे घेतल्यामुळे.

याची प्रचीती २०१७ मध्ये आली. रखाईन प्रांतातील लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा परदेशांत प्रवासबहिष्काराची भाषा पुन्हा सुरू झाली, पण या वेळी सू ची स्वतः सत्तेत होत्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली. पीडितांचा देशात मतदार म्हणूनही आवाज उरलेला नव्हता, त्यांच्या वतीने बोलणारा निवडून आलेला पक्ष नव्हता, आणि त्यामुळे ही हाक पहिल्या हाकेइतकी बळकट झाली नाही, जरी तिच्यामागचा अन्याय पहिल्यापेक्षा कमी नव्हता. हाकेच्या अधिकारावर उभ्या राहिलेल्या बहिष्काराची ही मोठी उणीव आहे : सर्वांत जास्त चिरडलेल्यांपाशी असा अधिकार सहसा नसतो.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर बहिष्काराचे ठिकाणच बदलले. तो देशाच्या आत गेला. लोकांनी लष्कराच्या भागीदारीतील बिअर प्यायचे सोडले, लष्कराशी संबंधित मोबाइल कंपनीची सिमकार्डे टाकून दिली, वीजबिले भरण्याचे नाकारले, आणि एप्रिलमध्ये येणाऱ्या थिंग्यान या नववर्षाच्या जलोत्सवात सरकारने उभारलेल्या मंडपांकडे पाठ फिरवली. बिअरच्या कारखान्यातील जपानी भागीदार अखेर बाहेर पडला. परदेशी प्रवाशांचा प्रश्न यादवीने आणि विमान-विम्याच्या हिशेबाने आपोआपच मागे पडला होता, तरी मे २०२२ मध्ये राजवटीने पर्यटन-व्हिसा पुन्हा सुरू केले आणि पुढल्या वर्षी आगमनानंतर विमानतळावरच व्हिसा देण्याची सवलत जाहीर केली. ती पाश्चात्त्य प्रवाशांसाठी नव्हती; चिनी आणि भारतीय पर्यटकांसाठी होती.